दाजींना रांगेत उभं केलं नाही

मी मुळात घाबरट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. घाबरट माणसानं आरोग्य खात्यात जाऊ नये, पण मला ती नोकरी लागली, आणि लागलेली सरकारी नोकरी आमच्याकडे कुणी सोडत नाही. बारा वर्षं मी हिवतापाचं काम केलं. खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुया, कापूस आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या. घरोघरी जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोट टोचून रक्ताचा ठिपका काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकायची. जामनेर तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर माझ्या हातच्या तारखा होत्या. माझं नाव कुणाला ठाऊक नसे. "मलेरियावाला भाऊ आला," असं म्हणत आणि पोरं बोटं मुठीत लपवून पळत.

चौऱ्याण्णव साली गणपती बसून उठले, पितर सुरू झाले आणि सुरतेत प्लेग आला.

सुरत गुजरातेत असली तरी आम्हाला ती परकी नाही. धुळ्या-जळगावच्या कुठल्याही गावात जा, चार घरं सोडून एखाद्या घरातलं कुणीतरी सुरतेत असतंच. कुणी लूमवर, कुणी साड्यांच्या छपाईत, कुणी हिरे घासायला. पोरगं दहावीत नापास झालं की बाप शिव्या देऊन झाल्यावर म्हणतो, "जा सुरतले." ती सगळी माणसं आता एकदम परत यायला लागली. गाडीच्या दारात माणसं, टपावर माणसं, दोन डब्यांच्या मधल्या जागेत माणसं. तोंडाला रुमाल, ओढण्या, टॉवेल. एकानं तर तान्ह्या पोराचं दुपटं बांधलं होतं, आणि ते पोर बिनदुपट्याचं त्याच्या कडेवर रडत होतं.

आमच्यातल्या बऱ्याच जणांना जळगाव स्टेशनवर उभं केलं. एक टेबल, दोन बाकडी, चार थर्मामीटर, कॅप्सूलचे डबे आणि पत्ते लिहायचं रजिस्टर. डॉक्टरसाहेबांनी पहिल्या दिवशीच सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं. ताप आणि खोकला दोन्ही असलेला माणूस सोडायचा नाही. त्याला सरळ सरकारी दवाखान्यात, वेगळ्या खोलीत पाठवायचं, पुढचं तिथले लोक बघतील. बाकीच्यांना कॅप्सूल द्यायच्या, पत्ता घ्यायचा, आठवडाभर लक्ष ठेवायचं. "आणि हे सगळ्यांना लागू," ते म्हणाले, "मग तो कुणी का असेना." आम्ही सगळ्यांनी मान हलवली. मी तर जरा जास्तच हलवली असेन.

जळगावातच मेहरूणला दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही राहत होतो. बायको, दोन वर्षांचा मुलगा आणि मी. पहिल्या दिवशी घरी गेलो तो थेट मोरीत. कडुलिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी, वर कार्बोलिकचा साबण. कपडे बाहेरच बादलीत. मुलगा हात पसरून धावत आला तर मी ओरडलो. तो दचकून खाली बसला आणि त्यानं भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याकडे येईनासा झाला. मी अंगणात खाट टाकून झोपायला लागलो. झोपायला म्हणजे पडायला. झोप कसली! दर तासाला काखेत थर्मामीटर लावायचो. खात्याचा एक थर्मामीटर मी खिशात घालून घरी आणला होता, चोरून. बायको म्हणाली, "हात काय धुताय सारखे? डोकं धुवा एकदा." तिचं बरोबर होतं, पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचा अशा वेळी फार राग येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीतून दाजी उतरले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्काला यावलकडे दिलेली. तिकडे त्यांची केळी होती, पण तीन भावांत वाटणी होऊन वाट्याला आलेल्या बागेवर घर चालेना, म्हणून दाजी सुरतेला साड्या छापायच्या कारखान्यात जायचे. माणूस उमदा, आवाज मोठा, जाईल तिथे हसवणार. त्या दिवशी मात्र ते गर्दीतून भिंतीला धरून चालत आले. डोळे लाल. दाढी वाढलेली. उकाड्यातही अंगावर चादर.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बहिणीचा नवरा दिसला की आधी पाया पडायचं, मग त्याच्या हातातली पिशवी आपल्या हातात घ्यायची, मग काय ते बोलायचं. ही रीत अंगात इतकी मुरलेली असते की डोकं तिच्यामागून चालतं. मी टेबलामागून उठलो आणि दोनशे माणसांसमोर दाजींच्या पाया पडलो. पिशवी घेतली. पिशवी घेताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला आणि तव्याला लागावा तसा चटका बसला. त्याच वेळी ते तोंड फिरवून खोकले.

हात असा तापलेला, आणि वर तो खोकला. डॉक्टरसाहेबांचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. पण ज्या माणसाच्या मी आत्ता सगळ्यांदेखत पाया पडलो, त्याला वर उठून "हात वर करा, काख दाखवा, रांगेत थांबा" असं कसं म्हणणार? दाजींना त्या वेगळ्या खोलीत पाठवायचं? पुढे दोन्हीकडच्या नातेवाइकांत कुठल्या तोंडानं बसायचं? हे आज लिहिताना वेडेपणाचं वाटतं. तेव्हा ते दगडासारखं खरं होतं. रजिस्टर लिहिणारा माझा जोडीदार वर न बघता म्हणाला, "पाहुणे का?" म्हटलं, "दाजी." "मग पोहोचवून या की. आम्ही आहोत." तोही खानदेशातलाच. त्यानं दुसरं काय म्हणायचं?

स्टेशनाबाहेर आलो. दाजी म्हणाले, "आजची रात तुयाच घरी राह्यतो. अंग लय फुटू राह्यलं. सकायी जाईन यावलले."

मेहरूण तिथून फार लांब नव्हतं. रिक्षा समोर उभ्या होत्या. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या दोन खोल्या आल्या आणि दारातून हात पसरून येणारा मुलगा आला. मी म्हणालो, "नको दाजी, अक्का वाट बघत असेल. काळजीनं तिचा जीव अर्धा झाला असेल. आत्ताच जाऊ, मी येतो ना सोडायला." किती गोड बोललो मी! दाजी गहिवरले. म्हणाले, "तू व्हय म्हून इतकं करतो."

यावलच्या गाडीत मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि खिडकी पूर्ण उघडली. माझ्या तोंडाला रुमाल होता. त्यांच्या तोंडालाही एक बांधायला लावला. तापीचा पूल येईपर्यंत ते कुडकुडत होते आणि मी आमच्या पुढच्या बाकावरची माणसं बघत होतो. एक बाई होती, तिनं बाळ खांद्याशी धरलं होतं. त्या बाळाचं तोंड खांद्यावरून आमच्याकडे. दाजी खोकले की मी त्या बाळाकडे बघायचो. उठून त्या बाईला सांगावं, बाई, पुढे जाऊन बस. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर सगळी गाडी थांबली असती, लोकांनी आम्हा दोघांना पुलावरच उतरवलं असतं. मी स्वतःला समजावत होतो, साधा ताप असेल, दगदगीचा असेल. आणि साधा ताप असेल तर तू खिडकी का उघडलीस, असंही मीच मला विचारत होतो.

यावलहून पुढची गाडी धरून त्यांच्या गावी पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. ओट्यावर अक्काच्या दोन मुलींनी भुलाबाई मांडलेली. एक आठ वर्षांची, एक पाचची. आमच्याकडे या दिवसांत मुली भुलाबाईपुढे गाणी म्हणतात आणि मग खाऊ वाटायचा. बाप दिसल्याबरोबर गाणं अर्धं टाकून दोघी त्यांच्या कमरेला येऊन बिलगल्या. "खाऊ आना का, खाऊ?" दाजींनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. पुड्याचा कागद सुटेना, तर तोंडावरचा रुमाल खाली ओढून त्यांनी तो दातांनी फाडला आणि एकेक बिस्कीट स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडात घातलं.

मी बघत उभा होतो. मला दोन पावलं पुढे जाऊन पुडा काढून घेता आला असता.

अक्का आतून तांब्याभांडं घेऊन आली. नवऱ्याला बघून तिला रडू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं आणि पाणी आधी माझ्यापुढे धरलं. "पानी पी भाऊ. चहा टाकस." मी हात मागे नेले. खरोखर मागे, पाठीशी. म्हणालो, "नको अक्का, ड्युटी आहे, गाडी चुकेल." दहा-बारा कॅप्सूल कागदात गुंडाळून ओट्याच्या कडेवर ठेवल्या. तिच्या हातात दिल्या नाहीत. "दाजींना सकाळ-संध्याकाळ दे. जरा कसकस आहे." प्लेग हा शब्द उच्चारला नाही. मुलींना लांब ठेव, एवढं तरी म्हणायचं होतं, तेही म्हटलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी वळलो आणि फाट्यापर्यंत जवळजवळ पळत गेलो.

त्यानंतरचे दिवस कसे गेले हे नीट सांगता येणार नाही, कारण ते गेलेच नाहीत. एकच लांबलचक दिवस होता, मधून मधून अंधार पडायचा एवढंच. आज याला डॉक्टर लोक काहीतरी नाव देतील, गोळ्या लिहून देतील. तेव्हा आम्ही फक्त "याचं डोकं फिरलं" म्हणत असू. माझं फिरलं होतं. जेवायला बसलो की घास हातात राहायचा. नळाखाली हात धरला की काढता यायचा नाही. साबणानं बोटांच्या बेचक्यांची सालं निघाली, मीठ लागलं की झोंबायचं. तरी धूत होतो. ती खोड अजून गेलेली नाही. लग्नाच्या पंगतीत लोक मला हसतात. हसू देत.

गंमत म्हणजे स्टेशनवर माझ्याइतका कडक माणूस त्या दिवसांत दुसरा नव्हता. ज्याचा घसा नुसता बसलाय, त्यालाही मी थांबवायचो. एक म्हातारे आबा होते, विडीचा जुना खोकला, अंग थंडगार. त्यांना मी सोडलं नाही. ते हात जोडून म्हणत होते, "भाऊ, मना खोकला वीस वरीसना शे." मी ऐकलं नाही. चादर घेतलेला माणूस दिसला की मी त्याच्यावर ओरडायचो. चादर घेऊन उतरणारा प्रत्येक जण मला दाजी दिसायचा आणि ज्याला मी सोडलं त्याचा सूड मी या सगळ्यांवर उगवत होतो. डॉक्टरसाहेब एका दुपारी सगळ्यांसमोर म्हणाले, "काम कसं करावं ते यांच्याकडून शिका." लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नळावर गेलो आणि हात धुतले.

संध्याकाळी ड्युटी सुटली की मी घरी न जाता बसस्टँडवर जायचो. यावलची गाडी लागायची तिथे उभा राहायचो. अक्काच्या गावावरून येणारा एक कंडक्टर ओळखीचा झाला होता. त्याला रोज विचारायचो, "तिकडे काय खबर?" पहिल्या दिवशी तो म्हणाला, "काही नाही." दुसऱ्या दिवशी, "काही नाही." तिसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "काय रे भाऊ, तुझी कुणी तिकडे पळून गेली का?" मी हसलो. हसताना आपले दात दिसतात याचीसुद्धा मला भीती वाटली.

काही नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? काही नाही म्हणजे बरे आहेत, की काही नाही म्हणजे गावाला अजून कळलेलं नाही? त्या घरात अक्का होती, दोन मुली होत्या, म्हाताऱ्या सासूबाई होत्या. मी मनातल्या मनात त्यांना एकेक करून खाटेवर निजवत होतो. आधी दाजी. मग धाकटी, कारण तिनं बिस्किटं जास्त खाल्ली. मग थोरली. अक्काला मी शेवटी ठेवायचो. का, ते मला माहीत नाही. बहुतेक तिनं सगळ्यांचं करून मग पडावं, असंच आपण बायकांच्या बाबतीत धरून चालतो.

सहाव्या दिवशी कंडक्टरनं गाडीतून उतरता उतरता सांगितलं, "तुमच्या त्या गावात एका बाईनं नवऱ्याला घराबाहेर काढलंय म्हणे. केळीच्या बागेत पडून असतो. सुरतेहून आला होता."

मी तिथल्याच बाकड्यावर बसलो. पडून असतो. म्हणजे जिवंत आहे. पण बाहेर का काढलं? गावानं काढायला लावलं? की अक्कानं त्याच्या अंगावर गाठ बघितली?

सकाळी डॉक्टरसाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ठरवून गेलो होतो, सगळं सांगायचं. नोकरी जाते तर जाऊ दे, गाडी घेऊन, माणसं घेऊन त्यांना त्या गावात पाठवायचं. ते दात घासत बाहेर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, चेहरा काय झालाय तुझा! आज सुट्टी घे. घरी जा, झोप काढ." आणि माझ्या तोंडून निघालं, "हो साहेब, थँक्यू." एवढंच. तोंडाशी आलेलं गिळून मी पिशवी उचलली, काचपट्ट्या, सुया, क्लोरोक्विनच्या गोळ्या, कॅप्सूलचा एक डबा घेतला आणि यावलची पहिली गाडी धरली.

अक्का घरी नव्हती. सासूबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारूच नका. "तुमची बहीन बागेत हाय," त्या म्हणाल्या, "नवऱ्याची खोड मोडू राह्यली." मुली दिसल्या. दोघी अंगणात बसून भुलाबाईसाठी फुलं ओवत होत्या. मी धाकटीच्या कपाळाला हात लावला. गार होतं. थोरलीच्या लावला. गार. तिनं माझा हात झटकला, जो तो कपाळाला हात लावतो म्हणून वैतागून म्हणाली, "मामा, बठ्ठाजण आमनं कपाय काबर दखतस?"

बागेच्या बांधावर अक्का बसली होती. मांडीजवळ भाकरीचं फडकं. समोर पंधरा-वीस पावलांवर केळीच्या ओळीत खाट, आणि खाटेवर दाजी पाय हलवत बसलेले. वाळलेले, गालफडं आत गेलेली, पण बसलेले. मला बघून तिथूनच ओरडले, "याऽऽ पाव्हनं! तुया बहिनीनं पाह्य काय दशा केली आमची! रातच्याले कोल्हे येऊन इचारतात, किती दिवस मुक्काम?"

मी अक्काकडे वळलो. तीच बोलली, माझ्याकडे न बघता. माहेरची बोली तिनं माझ्यासाठी राखून ठेवलेली असते. "तू पानीबी पिधं नही," ती म्हणाली. "दहा वरीसमा मना घरथीन तू चहा न पेता कधी गया नही. तवयच माले समजनं."

मी गेल्यावर दिवा लावायच्या आत तिनं नवऱ्याला बागेत हलवलं होतं. मुलींच्या चुळा भरून घेतल्या, बिस्किटं उकिरड्यावर पुरली, सगळ्यांचे कपडे उकळले. जेवण केळीच्या पानावर बांधाशी ठेवायचं, वीस पावलं मागे यायचं, मग दाजींनी ते उचलायचं. पान त्यांनीच खड्ड्यात पुरायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला दोन दिवसांची बैठक घेऊन शिकवलं होतं.

"सासूबाईंना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगं, भांडन व्हयनं. मीच घरमाईन काढं."

"गाव नाव ठेवतंय, अक्का."

"भांडखोर म्हनतीन, म्हनू दे. प्लेगपेक्षा बरं शे."

मी दाजींकडे गेलो. अक्का "थांब" म्हणाली, तरी गेलो. त्यांना विचारलं, ताप कसा येतो? नेहमीच्या आवाजात विचारलं, बारा वर्षं जसं दारादारांत विचारत आलो तसं. ते म्हणाले, "काल दुपारी आल्ता. आधी हुडहुडी, दात वाजतात, मंग आग, मंग घामानं खाट वली. आज पाह्य, गडी ठनठनीत. उद्या पुन्हा येईन साला. एक दिवस आड."

एक दिवस आड. हुडहुडी, आग, घाम. जामनेर तालुक्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हा हिवताप आहे. खोकला वाटेतल्या धुळीचा होता, तो केव्हाच गेला होता. स्टेशनवर त्यांच्या पाया पडण्याऐवजी बोट पुढे करायला सांगितलं असतं, दोन प्रश्न विचारले असते, तर मला तिथल्या तिथे शंका आली असती आणि दवाखान्यात दोन दिवसांत सगळं कळलं असतं. माझं सगळं आयुष्य ज्या एका तापामागे गेलं, तो ताप माझ्या हातात हात देऊन उभा होता आणि मला ओळखता आला नाही.

मी पिशवी उघडली. सुई काढली. दाजींचं बोट कापसानं पुसलं आणि टोचलं. पुढे ती काचपट्टी तपासून आली तेव्हा हिवतापच निघाला, पण मला त्याची वाट बघायची गरज नव्हती. गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. दाजी बोट चोखत म्हणाले, "हे ठेसनावरच काहून नाई केलं?"

"दाजींच्या बोटाला सुई कशी लावणार?" मी म्हणालो.

ते खो खो हसले. मीही हसलो. आठ दिवसांनी पोट धरून हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी थांबेना. मी बांधावर जाऊन अक्काशेजारी बसलो. सगळं सांगत सुटलो. ताप, स्टेशन, गाडीतलं बाळ, दवाखान्यात पाठवलेले आबा, डॉक्टरसाहेबांची शाबासकी. बोलता बोलता मला हलकं हलकं वाटायला लागलं. घात टळला होता. मुली बऱ्या, दाजी बरे. आता हा एक हसण्याचा किस्सा होणार, दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे जमल्यावर सांगायचा. मी अक्काकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"आते एक सांग भाऊ," ती म्हणाली. "त्या रोज तुना घर इतलं जवय व्हतं. त्यासले तू तुना घर काबर नही लई गया?"

तिला हे दाजींनी सांगितलं असणार. भोळेपणानं, माझं कौतुक करताना. किती जीव लावतो तुझा भाऊ, घरी न नेता थेट इथपर्यंत आला. माझ्याजवळ उत्तरं तयार होती. तू वाट बघत होतीस. आमच्या दोनच खोल्या. गाडी लागलेली होती. पण आठ दिवसांत पहिल्यांदा मी खरं बोललो, तेही तिच्याच बोलीत.

"घरमा पोऱ्या व्हता, अक्का. माले भेव वाटनं."

अक्कानं मान हलवली. समजल्यासारखी.

"मना घरमा दोन व्हत्यात," ती म्हणाली, आणि उठून दाजींना भाकरी द्यायला गेली.